जपून ठेवलेली भिंगं

चार वर्षांपूर्वीच्या एका रविवारी आमच्या चारकोपच्या सेक्टरमधल्या एक काकू खांद्याला जुनी रेक्झिनची बॅग अडकवून घरी आल्या. चहा नको म्हणाल्या, बॅग तेवढी टीपॉयवर ठेवली. "यांचं सामान. तू कॅमेऱ्याचं काहीबाही करतोस म्हणून आणलं. बघ जरा, याचं काही येतं का." येतं का म्हणजे पैसे. काकांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. कांदिवलीतली लग्नं, मुंजी, शाळांची गॅदरिंगं, सोसायट्यांच्या सत्यनारायणानंतरचे ग्रुप फोटो असं सगळं त्यांनी पंचवीसेक वर्षं काढलं. डिजिटल आलं तेव्हा त्यांनी डोळ्यांचं कारण सांगून थांबवलं. डोळे शेवटपर्यंत ठीक होते.

बॅगेत एक झेनिट-ई कॅमेरा होता, वीट हातात घ्यावी तसा जड. त्याला हेलिओस ४४-२ ही लेन्स आट्यांनी घट्ट बसलेली. वायरवाला एक फ्लॅश. रोलच्या तीन काळ्या डब्या, त्यातल्या एकीत सुपारी. आणि तळाशी, नॅपकिनमध्ये गुंडाळलेली, आतून लाल मखमल लावलेली चामड्याची गोल पेटी.

"ती चांगली आहे," काकू म्हणाल्या. "धाकटे दीर कुवेतला होते, त्यांनी आणलेली. हे तिला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. स्वतःही फारशी वापरली नाही. चांगल्या कामाला ठेवलेली."

पेटी उघडली आणि आधी वास आला. बंद ट्रंकेत ओल्या वर्तमानपत्राचा येतो तसा. आत पेंटॅक्सची सुपर-टाकुमार होती, ५० मिलिमीटर, एफ/१.४. बाहेरून अगदी नवी. नंबरांचा रंग शाबूत, कडेला एक ओरखडा नाही. मी मोबाइलचा टॉर्च मागून लावला आणि पुढून पाहिलं. भिंगाच्या कडेपासून मध्यापर्यंत बुरशीच्या तारा पसरलेल्या, शेवाळाची मुळं पसरावीत तशा, आणि त्यांच्या टोकांना बारीक ठिपके. शिवाय सगळी काच चहाच्या कपातल्या शेवटच्या घोटासारखी पिवळी.

मग झेनिटवरची हेलिओस काढली. हिच्या पुढच्या कडेला पोचा होता. फोकसच्या रिंगच्या खाचांत हळद बसलेली. खरीखुरी हळद, कुठल्याशा मंडपातली, नखाने खरवडली तरी न निघालेली. अ‍ॅपर्चरचे आकडे अर्धे पुसलेले. टॉर्च लावला तर काच स्वच्छ. धूळ होती चार कण, बाकी काही नाही.

तुमच्या हातातलं पुस्तक त्या बॅगेतून निघालं, असं म्हटलं तरी चालेल.

ते लिहिण्यामागचं म्हणणं एवढंच आहे, की आपल्याकडची जुनी भिंगं वापरून खराब झाली नाहीत, जपून ठेवून खराब झाली. चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी, चांगली चादर दिवाळीसाठी, तशी चांगली लेन्स चांगल्या कामासाठी. ती चामड्याच्या पेटीत, पेटी फडक्यात, फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी लोखंडी कपाटात, साड्यांच्या मागे. बुरशीला याहून सुखाची जागा कोणती? तिला अंधार लागतो, कोंडलेली हवा लागते, दमटपणा लागतो आणि खायला थोडं ग्रीस, थोडी धूळ, बोटाचा एखादा तेलकट ठसा. चामडं आणि मखमल ओल शोषतात आणि धरून ठेवतात. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीचं काम सुरू होतं, आणि मुंबईत जुलैमध्ये ती ऐंशीच्याही वर असते. चारकोपात तर पलीकडे खाडी. आमच्याकडे मीठसुद्धा पावसाळाभर डबीला चिकटून बसतं.

फोर्टात बोरा बझारमध्ये जिन्याखालच्या खोपटात बसून लेन्स दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. टाकुमार घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी लेन्सच्या आधी पेटी नाकाशी नेली आणि म्हणाले, "डब्बा फेंको, लेन्स रखो." मग त्यांनी भिंगं सुटी केली, पुसली, पुन्हा बसवली. तारा गेल्या, पण तारांचे ठसे राहिले. बुरशी जगता जगता आम्ल सोडते आणि ते काचेवरचा लेप, कधी काचही खाऊन टाकतं. ते भरून येत नाही. काकांची वर्षानुवर्षं राबलेली हेलिओस मात्र त्यांनी नुसती फुंकर मारून परत दिली.

नियमाला अपवाद असतात, हे मान्य. भरपूर वापरलेल्या लेन्सलाही बुरशी लागते आणि कपाटातल्याही कधी वाचतात. पण गेल्या चार वर्षांत ओळखीपाळखीतून माझ्या हातात आलेल्या भिंगांपुरतं सांगतो: जितकी पेटी देखणी, तितकी टॉर्च लावताना छाती धडधडते.

आता ही भिंगं आज पुन्हा कामाला का लावता येतात, ते सांगायला हवं. त्यात जादू नाही, सुताराचा हिशेब आहे. प्रत्येक लेन्स फिल्मपासून ठरावीक अंतरावर बसेल अशी बनवलेली असते. हेलिओस आणि टाकुमार दोन्ही एम४२ जातीच्या, म्हणजे ४२ मिलिमीटर व्यासाचे, एक मिलिमीटर अंतराचे आटे असलेल्या. त्यांच्या बसण्याच्या जागेपासून फिल्म ४५.४६ मिलिमीटरवर असते. मधली जागा आरशाला वर-खाली होण्यासाठी. १९४९ मध्ये ड्रेस्डेनच्या कॉन्टॅक्स-एसने हे आटे आणले आणि पुढे जर्मन, जपानी, रशियन अशा कितीतरी कंपन्यांनी तेच वापरले. म्हणून तर कुवेतहून आलेली जपानी लेन्स काकांच्या रशियन कॅमेऱ्यावर बसत होती.

मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही, त्यामुळे ती खोली मोकळी झाली. सोनीच्या ई-माउंटमध्ये सेन्सर फक्त १८ मिलिमीटरवर आहे, निकॉनच्या झेडमध्ये १६, कॅननच्या आरएफमध्ये २०. उरलेलं अंतर भरायला मध्ये धातूची पोकळ नळी लावायची. सोनीसाठी ती साडेसत्तावीस मिलिमीटरची. काच नाही, वायर नाही, एका बाजूला आटे आणि दुसऱ्या बाजूला नवा खटका. यालाच अ‍ॅडॉप्टर म्हणतात. आरसावाल्या निकॉन डीएसएलआरवर मात्र गाडी अडते, कारण तिथे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे, एम४२ पेक्षा एका मिलिमीटरने जास्त. लेन्स हवी तितकी आत जाऊच शकत नाही, म्हणून दूरचं काही स्पष्ट होत नाही. एवढ्याशा मिलिमीटरपायी लोकांनी माझ्याकडे वैतागून फोन केले आहेत. कॅननच्या डीएसएलआरला ४४ मिलिमीटर, तिथे पातळ चकती चालून जाते.

२००८ मध्ये पॅनासॉनिकचा जी१ आला तेव्हा ही वाट उघडली. पण त्याचा सेन्सर लहान, त्यामुळे ५८ मिलिमीटरची हेलिओस दुप्पट लांब असल्यासारखी वागे. २०१३ मध्ये सोनीचा ए७ आला तेव्हा फिल्मच्या मापाचा सेन्सर मिळाला आणि जुन्या लेन्सला तिची जुनी चौकट परत मिळाली. माझा तोच आहे, सेकंड हँड. मेनूत 'रिलीज विदाउट लेन्स' चालू केलं नाही तर तो शटर मारायला नकार देतो, कारण त्याच्या मते पुढे काही लावलेलंच नाही. बिचाऱ्याचं चूक नाही. हेलिओसला त्याच्याशी बोलण्याची भाषाच नाही. ती किती उघडी आहे, कुठे फोकस आहे, किती मिलिमीटरची आहे, यातलं काहीच ती सांगत नाही. फोटोच्या माहितीत तिच्या जागी शून्य दिसतं.

हेलिओसबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण ती सर्वांत सहज मिळते आणि तिच्याबद्दल सर्वांत जास्त खोटं बोललं जातं. मूळ आराखडा येना इथल्या कार्ल झाईसच्या बायोटार ५८ मिलिमीटर एफ/२ चा. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन कारखान्यांतलं ज्ञान आणि यंत्रं सोव्हिएत संघाने नेली. त्यातून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात ही लेन्स बनू लागली, नंतर मिन्स्कमध्ये आणि वल्दाईतही. चार गटांत सहा भिंगं, आठ पात्यांचं अ‍ॅपर्चर, पुढे ४९ मिलिमीटरचा फिल्टर बसतो. बहुतेक लेन्सच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे सालाचे असतात. काकांची ७८ ने सुरू होते.

हिच्या पुढे दोन रिंगा आहेत. पहिली ठरवायची, दुसरी फिरवायची. म्हणजे एफ/८ ठरवून ठेवायचं, दुसरी रिंग पूर्ण उघडून उजेडात फोकस करायचा आणि मग न बघता ती रिंग अडेपर्यंत फिरवायची, ती बरोबर ८ वर थांबते. काकांच्या काळात ही कसरत दर फोटोला. वर झेनिटच्या फ्लॅशचा वेग एक-तिसांश सेकंद. मंगलाष्टकांत अक्षता पडायच्या क्षणाला हे सगळं जमवणारा माणूस आपल्यात वावरत होता आणि आपण त्याला 'जरा लवकर काढा हो' म्हणत होतो.

टाकुमारला अशी दुसरी रिंग नाही, तिथे बाजूला ए आणि एम असा छोटा खटका आहे. अ‍ॅडॉप्टरवर लावताना तो एमवर हवा, नाहीतर रिंग कितीही फिरवा, पाती मिटतच नाहीत. पहिले दोन आठवडे माझे सगळे फोटो एफ/१.४ लाच निघाले आणि मी दोष सेन्सरला दिला.

फोकस हा या छंदातला खरा घाम. मिररलेसमध्ये स्पष्ट कडा लाल किंवा पिवळ्या रंगाने उजळून दाखवायची सोय असते, तिला पीकिंग म्हणतात. नवशिक्याला वाटतं झालं काम. पण ५८ मिलिमीटर लेन्स एफ/२ वर एक मीटरवरच्या माणसाकडे रोखली तर स्पष्ट पट्टा साधारण साडेतीन सेंटिमीटरचा असतो. पुढच्या डोळ्याची पापणी स्पष्ट आणि कान धूसर. पीकिंगची लाल रेघ मात्र नाकापासून गालापर्यंत सगळीकडे आनंदाने नाचते. म्हणून या पुस्तकात मी पीकिंगवर फार वेळ घालवलेला नाही. चित्र मोठं करून बघायचं बटण कोणतं, ते आधी शोधा आणि अंगठ्याला पाठ करा.

आणि हो, ते प्रसिद्ध गरगरणारं धूसर. हेलिओस विकणारा प्रत्येक जण त्याच्या नावाने दुप्पट भाव लावतो. ते खरं आहे, पण परिस्थितीचं गुलाम आहे. महावीर नगरच्या खाऊगल्लीत संध्याकाळी साडेसातला उभे राहा. दीड-दोन मीटरवर पाणीपुरीवाल्याच्या हातावर फोकस करा आणि मागे पंधरा-वीस मीटरवर गाड्यांचे दिवे येऊ द्या. लेन्स पूर्ण उघडी. मध्यावरचे दिवे गोल राहतात, कडेचे लिंबाच्या फोडीसारखे लांबट होतात आणि सगळ्या फोडी मध्याभोवती कलतात. हेच ते गरगरणं. कडेच्या उजेडाला तिरकं आत येताना लेन्सच्या नळीची कड आडवी येते, म्हणून वर्तुळ चिरतं. अ‍ॅपर्चर एफ/४ करा, फोडी पुन्हा गोल. मागे साधी भिंत घेतली तर काहीच नाही. विक्रेते झाडाच्या पानांपुढे मुलगी उभी करून काढलेला एकच फोटो दाखवतात, तो हजार जणींचा एकसारखा असतो. 'सिनेमॅटिक' या शब्दाखाली काहीही खपवलं जातं त्या दिवसांत आपण राहतो.

सिनेमाचा विषय निघालाच आहे तर एक आठवण करून देतो. विलायती भिंगाला देव्हाऱ्यात बसवायचं नाही, राबवायचं, ही रीत आपल्या मातीत जुनी आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने सिनेमाचा कॅमेराच स्वतः घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला. त्याच परंपरेत वाढलेल्या शांतारामबापूंनी प्रभातच्या 'अमृतमंथन'मध्ये १९३४ साली लांब पल्ल्याची लेन्स वापरून राजगुरूचा एकच डोळा पडदाभर आणला. लांबचं जवळ दाखवायची लेन्स त्यांनी धाक दाखवायला वापरली. मी अ‍ॅडॉप्टर फिरवताना 'खटक' असा आवाज येतो तेव्हा मला कोल्हापूरचा तो घरचा कॅमेरा आठवतो. आमची झेप त्याच्या करंगळीएवढी, पण नातं आहे.

मुंबईत जुने कॅमेरे जमवणाऱ्यांचीही मोठी परंपरा आहे. इथल्याच दिलीश पारेख यांचा ४,४२५ कॅमेऱ्यांचा संग्रह गिनेसच्या नोंदीत गेला. संग्राहकांबद्दल मला आदर आहे, त्यांच्यामुळे कितीतरी वस्तू भंगारातून वाचल्या. हे पुस्तक मात्र संग्रहासाठी नाही. यात दुर्मिळ लेन्सची यादी नाही, किमतींचा तक्ता नाही. कोणती लेन्स 'गुंतवणूक' ठरेल असं विचारणाऱ्याने हे इथेच मिटून पोस्टात जावं, तिथे व्याज तरी ठरलेलं असतं. ज्याच्या घरात वडिलांची, मामाची, सासऱ्यांची एखादी लेन्स पडून आहे आणि जो ती विकण्याआधी एकदा वापरून बघायला तयार आहे, त्याच्यासाठी हे आहे. लेन्स नसेल तर शुक्रवारी पहाटे ग्रँट रोडला उतरून चोरबाजारात जा, पण टॉर्च घेऊन जा आणि पेटीला भुलू नका.

जपायचं कसं, यावर एक पूर्ण प्रकरण आहे, तरी घाईतल्यांसाठी इथेच सांगून टाकतो. स्टीलचा हवाबंद डबा, तळाला सिलिका जेलची पिशवी. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यावर गरम करून पुन्हा निळे करायचे, मात्र तो तवा पोळ्यांचा नको आणि खिडकी उघडी हवी. पैसे असतील तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्या, पन्नास टक्क्यांच्या आतबाहेर ठेवा, पार कोरडंही करू नका. जुन्या स्टुडिओवाल्यांच्या कपाटात झिरोचा बल्ब चोवीस तास जळत असे, तेही चालतं, विजेचं बिल तेवढं घरात कुणाला दाखवू नका. आणि या सगळ्याहून स्वस्त उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून स्टेशनपर्यंत चालत जाणं. हलत्या हवेत आणि उजेडात बुरशीचा जम बसत नाही.

राहता राहिला टाकुमारचा पिवळेपणा. तो बुरशीचा नव्हे. या लेन्सच्या एका काचेत थोरियम मिसळलेलं असे, त्यामुळे काच उजेड उत्तम वाकवायची, पण किरणोत्सर्गाने ती वर्षांगणिक स्वतःच पिवळी पडत गेली. बाहेरून वापरायला भीतीचं कारण नाही, फक्त ती काच घासायची-कापायची नाही. उपाय म्हणजे ऊन. अतिनील किरणांनी हा रंग काही आठवड्यांत उतरतो. आमच्या सेक्टरमध्ये मे महिन्यात घरोघरी वाळवणं असतात. मीही गच्चीवर काकूंच्या कुरडयांच्या शेजारी, जुन्या सुपात, लेन्स उघडी ठेवली. ठेवताना विसरलो, की लेन्स म्हणजे शेवटी भिंगच. दुपारी काकूंची हाक आली, सुपातून धूर येत होता. बांबूच्या कडेला रुपयाएवढं काळं भोक. कुरडया वाचल्या, सूप गेलं. तेव्हापासून मागच्या बाजूला स्वयंपाकघरातलं अ‍ॅल्युमिनियमचं फॉइल लावतो. उजेड काचेतून आत जातो आणि परत उलटून येतो, खाली काही जळत नाही. तीन आठवड्यांत चहाचा रंग उतरून लिंबाच्या सरबतावर आला. पाऊस आला म्हणून थांबलो, नाहीतर पाणीही झालं असतं.

तिच्यावर उमटलेले बुरशीचे ठसे मात्र आहेतच. उजेड समोरून आला की चित्रावर दुधाची साय धरते, काळा रंग काळा राहत नाही. सावलीत ती ठीक चालते. मी ती काकूंना परत द्यायला गेलो तेव्हा आधी त्यांचाच एक फोटो काढला, खिडकीत बसवून, उजेड मुद्दाम मागून घेऊन, ठसे नेमके काय करतात ते त्यांना दाखवावं म्हणून. मागच्या पडद्यावर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, कॅमेरा डोळ्यांजवळ नेला.

"सुरकुत्या गेल्या की रे माझ्या," म्हणाल्या. "तुला म्हटलं नव्हतं, ही चांगली आहे म्हणून?"

दोन्ही लेन्स सध्या माझ्याकडे आहेत. विकायच्या नाहीत, असं ठरलं आहे. या पुस्तकातले निम्मे फोटो पोचा पडलेल्या हेलिओसचे आहेत आणि दहा-बारा टाकुमारचे, ते कोणते हे ओळखायला खूण दिलेली नाही. चामड्याची पेटी फेकायला निघालो होतो, पण काकूंनी ती मागून घेतली. उन्हात चार दिवस उघडी ठेवली, वास गेला, मखमल जरा विटली. आता त्यात त्यांच्या क्रोशाच्या सुया असतात.